संगणकाच्या पडद्यावर रेषा आणि रंग

शाळेच्या संगणक-कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात आणि संगणकांवर कापडाची आच्छादने, हे दृश्य जिल्ह्यात फिरताना आजही काही ठिकाणी दृष्टीस पडते. यंत्र बिघडेल ही भीती त्यामागे असते. ती सर्वस्वी अनाठायी आहे असेही म्हणता येणार नाही, कारण दुरुस्तीसाठी तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागतात ते शिक्षकालाच. परंतु ज्या मुलाने माऊस कधी हाती धरलेला नाही, त्याला संगणकाची ओळख टंकलेखनाऐवजी चित्रापासून करून द्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अक्षर चुकले की मूल बावरते. रेषा वाकडी गेली तर तो तिचा डोंगर करतो आणि पुढे जातो.

पडद्यावर चित्र काढण्याची कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 1963 साली ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली सादर केली. तीत प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर आकृती काढता येत असे. 1985 मध्ये ‘विंडोज’च्या पहिल्या आवृत्तीबरोबर ‘पेंट’ आले आणि ते घरोघरी पोहोचले. लहान मुलांसाठी बिल केंड्रिक यांनी 2002 मध्ये सुरू केलेले ‘टक्स पेंट’ आणि मोठ्यांसाठी असलेले ‘क्रिता’ या दोन्ही आज्ञावल्या विनामूल्य आहेत. एकदा उतरवून घेतल्यावर त्या इंटरनेटशिवाय चालतात व शाळेतील सर्व संगणकांवर बसविण्यास कोणतेही शुल्क पडत नाही. ‘क्रिता’ला मात्र थोडे सशक्त यंत्र लागते, जुन्या संगणकावर ‘टक्स पेंट’ किंवा ‘पेंट’ पुरेसे आहे. ही साधने केवळ खेळण्यातली आहेत असा ज्यांचा समज असेल, त्यांनी डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकाराचे उदाहरण लक्षात घ्यावे. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी 2009 च्या सुमारास मोबाइलच्या काचेवर बोटाने चित्रे काढण्यास आरंभ केला, आणि 2012 मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत त्यांच्या अशा चित्रांच्या भव्य प्रती मांडल्या गेल्या.

पडद्यावरील चित्र म्हणजे वस्तुतः बारीक चौकोनी ठिपक्यांची जाळी होय. 1024 गुणिले 768 ठिपक्यांच्या चित्रफलकात 7,86,432 ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या प्रत्येकी 256 पायऱ्या असतात. त्यांतून एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक छटा संभवतात. हे विद्यार्थ्याला सांगण्याऐवजी दाखवावे. चित्र मोठे करीत गेले की गुळगुळीत वाटणाऱ्या रेषेच्या पायऱ्या आपोआप दिसू लागतात. याच जाळीमुळे रंग भरण्याच्या बादलीची एक खोड कळते. झोपडीच्या बाह्यरेषेत एका ठिपक्याइतकी जरी फट राहिली, तरी भिंतीचा गेरू रंग क्षणार्धात आभाळभर पसरतो. मुले हसतात. मग शिक्षकाने ‘पूर्ववत करा’ ही आज्ञा शिकवावी, म्हणजे कळफलकावरील ‘कंट्रोल’ व ‘झेड’ या कळा एकत्र दाबणे. चूक पुसली जाते हे एकदा उमगले की हात मोकळा होतो. तसेच ‘पेंट’मध्ये ‘शिफ्ट’ची कळ दाबून धरल्यास लंबवर्तुळाचे वर्तुळ होते आणि रेषा सरळ राहते.

रंगांच्या बाबतीत कलाशिक्षकांनी थोडे सावध राहावयास हवे. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, हे आपण जलरंगांवरून शिकविले आहे. पडद्यावर मात्र शुद्ध पिवळ्याची व शुद्ध निळ्याची सरासरी घेतली असता करडा रंग मिळतो. उलट तांबडा व हिरवा प्रकाश एकत्र आले की पिवळा दिसतो. रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते आणि पडदा स्वतः प्रकाश फेकतो, एवढाच हा भेद आहे. पण तो आधी सांगितला नाही तर विद्यार्थ्याला शिक्षकच चुकले असे वाटते! विज्ञान व चित्रकला या दोन तासांची इतकी सहज गाठ पडण्याचे प्रसंग थोडेच.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा कागदावरच द्यावयाच्या असतात. तेव्हा संगणकाने रंगपेटीची जागा घ्यावी असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि संकल्पचित्राच्या तयारीसाठी त्याचा उपयोग मोठा आहे. एकच आकृती पाच रंगसंगतींत पाहावयाची तर कागदावर पाच वेळा रंगवावी लागते, आणि रंगाच्या बाटल्या विकत घेणे ज्या पालकांना जड जाते त्यांच्या मुलाला ती एकदाच रंगवून थांबावे लागते. पडद्यावर हे काम काही मिनिटांचे आहे. ‘टक्स पेंट’मधील सममितीची साधने वापरली तर एका बाजूस काढलेली पाकळी दुसऱ्या बाजूसही उमटते, रांगोळीची सवय असलेल्या मुलींना यातले मर्म कोणी समजावून द्यावे लागत नाही.

तयार शिक्के मात्र आवरून वापरावेत. फूल, पक्षी, मोटार यांची आयती चित्रे फलकावर चिकटविण्यात तास निघून जातो आणि हातून एकही रेषा निघत नाही. वारलीचा नमुना काढतानाही हाच मोह होतो. टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण, वर गोल डोके, अशी एक आकृती काढावयाची आणि तिच्या तीस नकला करून तारपा नाचाचा फेर पुरा करावयाचा. असा फेर निर्जीव दिसतो. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या ठेचलेल्या काडीने काढलेल्या फेरात प्रत्येक नर्तकाचा गुडघा निराळा वाकलेला असतो. 2011 साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे यांची चित्रे विद्यार्थ्यांना आधी दाखवावीत आणि मग नक्कल न करता दहाच माणसे काढावयास सांगावे.

ग्रामपंचायत सदस्यांनाही या साधनाचा एक उपयोग आहे. विकास आराखड्याच्या वेळी ग्रामस्थ जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. सायंकाळी गुरे परतली की तो पुसला जातो. त्याचे उंचावरून छायाचित्र घ्यावे, ‘क्रिता’मध्ये ते तळाच्या थरात ठेवून फिकट करावे आणि वरच्या कोऱ्या थरावर रेषा गिरवाव्यात. रस्ते एका थरात, विहिरी व हातपंप दुसऱ्यात, वस्त्या तिसऱ्यात ठेवल्या तर पाण्याच्या चर्चेच्या वेळी केवळ विहिरींचा थर उघडून दाखविता येतो, आणि कोणती वाडी पाण्यापासून किती दूर पडली हे न बोलता दिसते. हा नकाशा प्रमाणबद्ध मोजणीचा नव्हे, हे त्यावरच ठळक अक्षरांत लिहावे. हद्दीच्या वा अतिक्रमणाच्या वादात तो पुढे करू नये. ते काम भूमी अभिलेखाचे.

छापावयाचा असेल तर फलक आरंभीच मोठा घ्यावा. ए-4 कागदावर स्वच्छ छपाईसाठी सुमारे 2480 गुणिले 3508 ठिपके लागतात. लहान चित्र मागाहून ताणले तर ते धूसर होते. रेषाचित्र ‘पीएनजी’ स्वरूपात साठवावे, कारण ‘जेपीईजी’त रेषेच्या कडेला डाग येतात. आणि साठविणे वरचेवर करावे. एका कार्यशाळेत प्रस्तुत लेखकाने दीड तास खपून काढलेला नदीघाट वीज जाताच नाहीसा झाला, आणि शेजारच्या यंत्रावरील पाचवीच्या मुलीने विचारले, “साहेब, तुम्ही मध्ये मध्ये ठेवून दिलं नव्हतं का?” तिने दर झाडानंतर ठेवले होते.