काठी आजोबांच्या हातात, नात शाळेत

एक दृश्य आपण सर्वांनी पाहिलेले आहे. आजोबांना दिसत नाही आणि नांदेडला दवाखान्याची तारीख असते. म्हणून घरातली नात त्यांचा हात धरून अर्धापूरच्या बसस्टँडवर उभी राहते. तिची त्या दिवसाची शाळा बुडते. दवाखाना, बँक, पगाराचे पैसे, नात्यातले लग्न असे धरले तर वर्षात किती दिवस बुडतात हे कोणी मोजत नाही. एका घरी आम्ही विचारले, तर उत्तर मिळाले, “ती शहाणी आहे, सांभाळून नेते.” मुलगी अकरा वर्षांची होती.

त्याच घरातल्या मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली आगगाडी, एक अंध माणूस आणि त्याच्यापुढे पट्टा बांधलेला कुत्रा. कुत्रा त्याला दारापर्यंत नेतो आणि सीटखाली मुकाट बसतो. “असा कुत्रा आपल्या आजोबांना मिळेल का?” मुलाने विचारले.

हा कुत्रा हौसेचा नसतो. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्ग येथे 1916 साली असे कुत्रे शिकवण्याची शाळा निघाली. अमेरिकेत 1929 साली तशी संस्था झाली आणि तिथे 1990 च्या कायद्याने अशा कुत्र्याला मालकासोबत बसमध्ये बसता येते. पण कुत्रा शिकवलेला हवा, त्याचा खाण्याचा आणि औषधाचा खर्च झेपायला हवा. आपल्या रस्त्यावरच्या मोकाट कुत्र्यांच्या टोळीतून तो स्टँडपर्यंत पोचायलाही हवा. रेल्वेत पाळीव कुत्र्यासाठी साधारण नियमाने फर्स्ट एसीची कूपे किंवा केबिन पूर्ण बुक करावी लागते, नाहीतर त्याला ब्रेकव्हॅनच्या पेटीत ठेवतात. स्लीपरमध्ये आणि जनरलमध्ये नेता येत नाही. तेव्हा आपल्या घरांसाठी आज तरी उत्तर पांढऱ्या काठीचे आहे.

त्याआधी एक गोष्ट. “म्हातारपणाने दिसत नाही” असे म्हणून बसू नका. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने दिसू लागते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, म्हणून तपासणी लवकर करावी. साखरेचा आजार असेल तर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावाच.

काठी टेकायची नसते, चाचपायची असते. उभे राहिल्यावर ती छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. टोक जमिनीलगत, खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडे जास्त, डावी-उजवीकडे फिरवायचे. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे असते, कारण पुढचे पाऊल तिथे पडणार असते. सुरुवातीला हे उलटसुलट होते. अंगणात आठवडाभर केले की हाताला सवय लागते. बसमध्ये चढताना काठीने आधी पायरी आणि तिची उंची शोधावी, दुसऱ्या हाताने दांडा धरावा, मगच पाय उचलावा. एक उणीव लक्षात ठेवा. काठीला खड्डा कळतो, पण उसाच्या ट्रॉलीतून तोंडासमोर आलेले ऊस कळत नाहीत. दिल्लीच्या आयआयटीने तयार केलेली स्मार्टकेन समोर, गुडघ्यावरच्या उंचीला काही आडवे आले की मुठीत थरथरते. सरकारी साहित्यवाटपाचे शिबिर लागले तर तिची चौकशी जरूर करा.

सोबत कोणी असेल तर त्याने आजोबांना ओढू नये, मागून ढकलू तर मुळीच नये. आजोबांनी सोबत्याच्या कोपराच्या वर धरावे आणि अर्धे पाऊल मागे चालावे. “पायरी चढायची”, “पायरी उतरायची” एवढे बोलले की पुरते.

सोबतीला मोठे माणूस जावे, यासाठीच सवलत आहे आणि नेमकी तीच घरोघरी माहीत नाही. एसटीत 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्याला भाड्यात 75 टक्के सूट मिळते. अपंगत्व 65 टक्के किंवा जास्त असेल तर सोबत्यालाही निम्मे भाडे. पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा तसेही फुकट जातात, म्हणून घरचे दाखला काढत नाहीत, आणि सोबत्याची सूट हातची जाते. दाखला काढाच. रेल्वेत पूर्ण अंध व्यक्तीला स्लीपरमध्ये 75 टक्के सूट आहे आणि सोबत्याला तेवढीच. यूडीआयडी कार्डासाठी अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते.

एकदा गर्दीच्या बसमध्ये कोणीतरी मोठ्याने म्हणाले, “दिसत नाही तर घरी बसावं.” आजोबा खाली मान घालून गप्प राहिले. अपंग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणे हा 2016 च्या कायद्याच्या कलम 92 नुसार गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. दरवेळी पोलिसांत जावे असे नाही, पण शेजारी बसलेल्या आपण तरी गप्प बसू नये.

मोकाट कुत्री काठी पाहून भुंकतात. तेव्हा काठी उगारू नये, पळू नये, टोक खाली ठेवून थांबावे. चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. हळद-चुना लावू नये.

त्या घरचे आजोबा सध्या घरापासून विहारापर्यंत सराव करतात. नात दहा पावले मागून चालते, फक्त रविवारी. नांदेडला सोबत आता थोरला मुलगा जातो, निम्म्या तिकिटात.