पायाचं विचारायचं राहून गेलं

बायपास म्हटलं की सगळ्यांचं लक्ष छातीकडे. माझंही तसंच झालं. दोहातल्या अल मन्सूरात बारा वर्षं हिशेब लिहितोय. तिथल्या हमद संस्थेचं हार्ट हॉस्पिटल मेट्रोने जाण्याइतकं जवळ, पण माणसं आपली हवीत म्हणून ऑपरेशनला पुण्याला गेलो. ब्लॉकेज किती, खर्च किती, रजा किती लागेल, सगळं विचारलं. ‘बायपाससाठी पायातून शीर काढू’ म्हणाले, मी मान डोलावली.

शुद्धीवर आलो तर घोट्यापासून मांडीपर्यंत सलग टाके. त्यात जुनी शुगर. दहाव्या दिवशी पोटरीपाशी पाणी सुटलं, मग जखम उघडली. छातीचं हाड जुळलं, पायाचं ड्रेसिंग चालूच. मन्सूरात परतल्यावर मेट्रो स्टेशन ते घर दोनदा बसत यायचो. घोट्याच्या आतली बाजू आजही बधिर आहे. काढलेल्या शिरेला लागूनच संवेदनेची नस जाते.

शीर काढायच्या पद्धती अनेक असतात, हे मला नंतर कळलं. माझी झाली ती सलग चिरून. काही जण मध्ये कातडी राखून तुकड्यातुकड्याने चिरतात. तिसरी दुर्बिणीची: गुडघ्यापाशी छोटा छेद, एखाददुसरा आणखी, बाकी काम आतून. ओढताणीत शिरेलाच इजा होईल, अशी धास्ती तिच्याबद्दल होती आणि 2009 च्या एका अमेरिकी विश्लेषणाने ती वाढवली. पुढे 2019 मध्ये 1150 रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल छापून आला. सुमारे पावणेतीन वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा ब्लॉकेज काढावं लागणं यांत चिरून आणि दुर्बिणीने शीर काढलेल्या दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. पायाच्या जखमेचा संसर्ग मात्र चिरलेल्यांत 3.1 टक्के, दुर्बिणीवाल्यांत 1.4. पण तिथे शीर काढणारे हात सरावलेले होते, हे विसरू नका.

स्वीडनमधली ‘नो-टच’ पद्धत उलट्या दिशेची. शीर भोवतालच्या चरबीसकट काढतात, फुगवत नाहीत. अशी शीर जास्त टिकते असं या पद्धतीचे समर्थक सांगतात, पण पायाची जखम जास्त त्रास देते. शुगरवाल्याने हा सौदा डोळे उघडे ठेवून करावा.

म्हणून सर्जनला थेट विचारा: शीर कोण काढणार? बऱ्याच ठिकाणी ते काम सहायकाकडे असतं. त्याने दुर्बिणीने किती काढल्या आहेत? व्हेरिकोज असेल, पूर्वी पायाला काही झालं असेल तर आधीच सांगा. छातीतल्या किंवा हातातल्या धमन्यांवर किती भागेल, हेही विचारा. सर्जन चिडला तर चिडू दे.

आणि घरी आल्यावर पाय लाल, गरम झाला किंवा पाणी आलं तर त्याच दिवशी दाखवा. मी चार दिवस हळद लावत बसलो होतो.