अंगावरचे दूध : किती दिवस?



लागण कधी करावी, खताचा हप्ता कधी द्यावा, खोडवा किती वर्षे ठेवावा, यावर या पानांतून आपण नेहमी बोलतो. आजचा पाठ उसाचा नाही, लेकराचा आहे. बाळाला आईने अंगावर किती दिवस पाजावे? "हा बायकांचा विषय" म्हणून बंधूंनी पान उलटू नये. पाजणारी आई असली, तरी तिला पाजायला वेळ द्यायचा की नाही हे बहुतेक घरांत, आणि त्याहून जास्त फडात, दुसरेच कोणी ठरवत असते. म्हणून हा पाठ आम्ही मुद्दाम सर्वांसाठी लिहीत आहोत.

आधी शास्त्र काय सांगते ते पाहू. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध. पाणीसुद्धा नाही. सहा महिने पुरे झाले की मऊ भात, वरण, नाचणीची खीर, कुस्करलेली भाजी असे वरचे अन्न सुरू करायचे आणि त्याच्या जोडीने अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायचे. दोन वर्षांनंतर आई आणि मूल या दोघांच्या खुशीने हवे तितके. जागतिक आरोग्य संघटनेचा हा सल्ला आहे. पूर्वी "चार ते सहा महिने" असे सांगत. २००१ साली जागतिक आरोग्य सभेने ते सरळ सहा महिने असे केले. म्हणून घरातल्या एखाद्या जाणत्या बाईला तिच्या बाळंतपणात डॉक्टरांनी चौथ्या महिन्यालाच वरचे सुरू करायला सांगितले असेल, तर ते त्या काळाला धरून होते. आता सहा महिने धरावेत.

खरे म्हणजे हे आपल्याला अगदी नवे नाही. मुलाचे उष्टावण सहाव्या महिन्यात करायची चाल आपल्याकडे जुनी आहे. आपल्या मुसलमान सभासदांच्या घरी कुराणात पूर्ण दोन वर्षे पाजण्याचे सांगितले आहे, हे ठाऊक असते. चाल ठीक आहे; बिघडते ते मधल्या दिवसांत.

पहिल्याच दिवसापासून पाहा. गाय व्याली की वासराने चीक प्यावा म्हणून आपण रात्री कंदील घेऊन गोठ्यात बसतो. चीक मिळाला नाही तर वासरू धरत नाही, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. घरात सून बाळंत झाली की मात्र हेच शहाणपण कुठे जाते कोण जाणे! पिवळट दाट दूध "वाईट" म्हणून पिळून टाकायचे आणि बाळाच्या तोंडात गुळाचे पाणी, नाहीतर मधाचे बोट. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लस. थोडाच येतो, पण नवजात बाळाचे पोटही तेवढेच असते. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला देऊच नये. त्यातून क्वचित असा जंतू पोटात जातो की बाळाचे हातपाय लुळे पडतात. पहिल्या तासातच बाळ छातीशी लावावे. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात शंभरातल्या ४२ बाळांनाच पहिल्या तासात दूध मिळालेले दिसले. दवाखान्यात बाळंतपणे वाढली, तरी हे घडले आहे.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. "दूधच पुरत नाही हो, म्हणून वरचं चालू केलं." आमच्या मते अंगावरचे दूध लवकर तुटण्याचे सर्वांत मोठे कारण हे एक वाक्य आहे. त्यामुळे इथे जरा थांबून नीट समजून घेऊ.

विहिरीचे आपल्याला माहीत आहे. उपसा चालू असला की झरे मोकळे राहतात. उपसा थांबला की झरे बुजतात. आईच्या दुधाचे तसेच आहे. बाळ ओढते, तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो आणि दोन रस रक्तात उतरतात. एकाने दूध तयार होते, दुसऱ्याने ते पान्हा होऊन बाहेर येते. जितके बाळ ओढेल आणि स्तन जितके रिकामे होतील, तितके पुढचे दूध तयार होणार. रात्रीच्या पाजण्याने हा रस जास्त सुटतो, म्हणून रात्रीचे पाजणे तोडू नये. पान्हा सोडणारा रस मात्र मनाच्या स्वाधीन असतो. घाई, धाक, टोमणे, चारचौघांतला संकोच असला की दूध असूनही उतरत नाही. गाय आखडते तशातलाच हा प्रकार.

आता घरात काय होते? बाळ दोन महिन्यांचे असते, संध्याकाळी रडते. सासू म्हणते, भुकेलं आहे, वाटीभर म्हशीचं दूध पाणी घालून द्या. बाळाचे पोट भरते, ते झोपते. सगळे म्हणतात, बघा, भूकच होती. पण त्या वेळेला बाळाने ओढले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी तितके दूध कमी तयार झाले. मग वरचे आणखी वाढले. महिनाभरात आईचे दूध खरेच आटते आणि सासूचे म्हणणे खरे ठरते. यात सासूचा हेतू वाईट नसतो. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ओळखू नये. पहिला आठवडा उलटल्यावर बाळ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी करते आणि वजन वाढते आहे, एवढे पुरे. वजन अंगणवाडीत करून मिळते.

उन्हाळ्यात घोटभर पाणी तरी द्यावे, असे पुष्कळांना वाटते. आईच्या दुधात शंभर भागांत सुमारे ८८ भाग पाणीच असते. बाळाची तहान त्यातून भागते. वरच्या पाण्याने पोट भरते, दूध कमी जाते आणि पाणी जरासे गढूळ असेल तर हगवण ठरलेली. गाईम्हशीच्या दुधाचीही गोष्ट समजून घ्यावी. ते वासरासाठी, रेडकासाठी केलेले आहे. वासरू जन्मल्या दिवशी उभे राहते, त्याला भराभर वाढायचे असते; म्हणून गाईच्या दुधात प्रथिने आईच्या दुधाच्या तिप्पट. माणसाच्या बाळाच्या मूत्रपिंडांना तो भार पेलत नाही, आणि लोह त्यात फार थोडे. वर्षाच्या आत आईच्या दुधाच्या जागी ते देऊ नये. वर्षानंतर कपभर खुशाल द्यावे.

डब्यातल्या पावडरीबद्दल थोडक्यात. या कंपन्यांच्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी १९८१ साली जागतिक आरोग्य सभेत नियमावली मंजूर झाली. ठरावाविरुद्ध एकटे अमेरिकेचे मत पडले. आपल्याकडे १९९२ साली कायदा झाला, २००३ साली तो कडक केला. दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या दुधाची आणि अन्नाची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे हे त्याने गुन्हा ठरले. कोणी दवाखान्याच्या दारात डबा हातात ठेवू लागला तर घेऊ नये. काही बाळांना डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध लागते, त्यात त्या आईला बोल लावण्यासारखे काही नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आता मातृदुग्ध पेढ्या आहेत. आशियातली पहिली मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली.

"वर्षानंतर त्या दुधात काय राहतं, नुसतं पाणी," असेही म्हणतात. तसे नाही. सहा महिने ते वर्ष या काळात बाळाला लागणाऱ्या शक्तीपैकी निम्मी किंवा जास्त आईच्या दुधातून मिळू शकते, आणि दुसऱ्या वर्षात सुमारे एक तृतीयांश. मूल तापाने फणफणले, जेवण टाकले, तरी अंगावर पिते, हे आयांना चांगले माहीत असते. आईचाही फायदा आहे. जितके महिने पाजले जाते, तितका स्तनाच्या कर्करोगाचा धोका उतरतो. बारा महिन्यांमागे सुमारे चार टक्के, असे २००२ साली अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र मोजणी करून दाखवले गेले.

मात्र पिकाला खत न घालता उतारा मागायचा नाही. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोजच्यापेक्षा सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे दोन भाकरी, वाटीभर डाळ आणि मूठभर शेंगदाणे जादा. आपल्याकडे डिंकाचे, अळिवाचे लाडू सव्वा महिना होतात, मग ती परत सगळ्यांच्या मागून उरलेसुरले जेवते. खायला हवे ते पुढचे वर्षभर. आणि मिश्री लावणे सोडावे. तंबाखूचा अंश दुधात उतरतो.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहितो. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या दोन अर्थशास्त्रज्ञ बाईंनी आपल्याच राष्ट्रीय पाहणीचे आकडे तपासून २०११ साली दाखवले, की भारतात मुलींना मुलांपेक्षा कमी दिवस पाजले जाते. कारण असे, की पाजण्याने पुढची गर्भधारणा लांबते हे सर्वांना ठाऊक. मुलगा अजून झालेला नसतो, तेव्हा लवकर दिवस राहावेत म्हणून मुलीचे दूध लवकर तोडतात. आयांच्या मनात दुजाभाव असतोच असे नाही, घाई घराला असते. दीड वर्षाच्या पोरीला छातीवर कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा, ती तोंड वाकडे करून रडते, आणि घरातले हसतात. हे पुढच्या वेळी दिसले, तर कोणाच्या घाईपायी चालले आहे एवढे विचारावे. तोडायचेच असेल तर महिना-दोन महिन्यांत एकेक वेळ कमी करत जावे. कडू लावण्याची गरज पडत नाही. पुन्हा दिवस राहिले म्हणजे दूध बाधते ही समजूतही बरोबर नाही. तब्येत ठीक असेल, पूर्वी कळा लवकर आलेल्या नसतील, तर पाजता येते. डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आता फडाकडे येऊ.

नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ सालापासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने ठरली. २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. कामावर परत आल्यावर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोनदा पाजायला सुट्टी. हे आपोआप झाले नाही. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी बायका कामावर जाताना तान्ह्याला अफूची बाळागोळी देऊन निजवत. त्या बायकांसाठी मुंबई इलाख्यात १९२९ साली देशातला पहिला प्रसूती कायदा आला.

आपल्या फडात येणाऱ्या कोयत्याच्या बाईला यातले काही मिळत नाही. तिची मजुरी टनावर, आधी घेतलेली उचल फेडायची, खाडा झाला तर पैसे कापले जातात. बाळंत होऊन महिना झालेली बाईसुद्धा पहाटे चारला निघते. नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत भरते. बाळ एकतर कोपीवर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ताब्यात, चहात बुडवलेल्या बिस्किटावर. नाहीतर फडाच्या कडेला झोळीत. दिवसभर ओढणारे तोंड जवळ नाही, म्हणून दूध आटते. मग त्या बाईने "दूध लवकर तोडले" असे कागदावर लागते. तिने ते ठरवले, असे आम्हाला म्हणवत नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहेत, हिरकणीची गोष्ट आपण लेकरांना सांगतो. पण गडाचे दरवाजे बंद होते म्हणून तिला कडा उतरावा लागला, हा गोष्टीतला भाग आपण घाईने सांगून टाकतो.

फड आपला आहे, म्हणून काही आपल्या हातात आहे. टोळीत तान्हे बाळ असेल, तर ते कोपीवर न ठेवता फडाजवळ आणायला सांगावे. बांधावरच्या झाडाखाली किंवा दोन बांबू आणि ताडपत्री लावून सावली करावी, जागा पाचटापासून आणि गाडी-ट्रॅक्टर वळण्याच्या वाटेपासून लांब असावी, जवळ एक मोठे मूल नव्हे तर मोठे माणूस असावे. प्यायच्या पाण्याचा हंडा आईसाठी. बाळ आणणे जमतच नसेल, तर आईने हात धुऊन, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध काढून ठेवावे. थंड जागी ते चार तास टिकते, दुपारच्या उन्हात तापणाऱ्या कोपीत तितका वेळही ठेवू नये. पाजायचे ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाटलीने नाही. बाटलीचे बूच उकळायला कोपीवर सोय नसते.

आणि कामाचा वेळ मोडतो म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. दहा कोयत्यांची टोळी म्हणजे वीस माणसे. दहा तासांचा दिवस धरला तर दोनशे तास काम. एका आईला दोनदा अर्धा-अर्धा तास पाजायला दिला, तर त्यातला एक तास गेला. शंभराला अर्धा. तेवढ्याने गाडी भरायची राहत नाही. तिचा हा तास खाड्यात धरायचा नाही, असे टोळी उतरल्या दिवशीच मुकादमाकडून कबूल करून घ्यावे, आणि त्याच दिवशी टोळीतल्या तान्ह्या बाळांची व पाजणाऱ्या आयांची नावे गावच्या अंगणवाडी ताईंना कळवावीत.