पावती नसलेली नोंद: दूरच्या एफ.एम. केंद्रांविषयी थोडेसे

जुलै 2024 मध्ये आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर मी एक टिपण लावले होते. 'गोव्यात ऐकले कोचीचे एफ.एम. : अंतर 690 किलोमीटर' असे त्याचे शीर्षक होते. ते बऱ्याच जणांनी वाचले, काहींनी पाठही थोपटली. त्यातील मुख्य विधान चुकीचे होते. भित्तिपत्रक महिनाअखेर उतरते, पण वाचलेली गोष्ट लोकांच्या मनातून तशी उतरत नाही. म्हणून ती दुरुस्ती येथे छापील पानावर करीत आहे. मात्र नुसती चूक कबूल करून थांबण्यापेक्षा, एफ.एम.चे दूरचे केंद्र मुळात ऐकू येते कसे आणि ते ऐकल्याची खात्री कशी करावी, हेही जमेल तसे सांगावे असा या लेखाचा हेतू आहे.

नेहमीची मर्यादा

आपल्या घरांतील वडील माणसे रेडिओ सिलोनच्या आठवणी सांगतात. 1952 मध्ये सुरू झालेली 'बिनाका गीतमाला' कोलंबोहून निघून साऱ्या भारतात ऐकली जाई. ते प्रक्षेपण शॉर्टवेव्हवर होते. शॉर्टवेव्हच्या लहरी वर आयनांबरापर्यंत जातात, तेथून वळून पुन्हा जमिनीवर येतात आणि अशा रीतीने हजारो किलोमीटर मजल मारतात.

एफ.एम.चे तसे नाही. त्याचा पट्टा साधारण 88 ते 108 मेगाहर्ट्झचा. 100 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 3 मीटर असते. एवढ्या आखूड लहरी आयनांबर सहसा परतवीत नाही. त्या त्याला भेदून अवकाशात निघून जातात. म्हणून 1977 मध्ये मद्रासला आकाशवाणीचे एफ.एम. सुरू झाले तेव्हापासून आजपर्यंत ही सेवा मुख्यतः एका शहराची आणि त्याच्या परिसराचीच राहिली आहे.

ही मर्यादा आकड्यांत मांडता येते. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला 4.12 ने गुणावे, म्हणजे त्या मनोऱ्याचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. समजा, मनोरा 144 मीटर उंच आहे. 144 चे वर्गमूळ 12, म्हणून क्षितिज सुमारे 49 किलोमीटर. ऐकणाऱ्याचा एरियल 9 मीटर उंचीवर असेल तर त्याचे क्षितिज सुमारे 12 किलोमीटर. दोहोंची बेरीज 61 किलोमीटर. मनोरा डोंगरावर नेऊन एकूण उंची 400 मीटर केली, तरी बेरीज 95 किलोमीटरच्या आतच राहते. या हद्दीपलीकडे आवाज एकदम बंद पडतो असे नाही, पण तो झपाट्याने क्षीण होत जातो. मग तीनशे किंवा सहाशे किलोमीटरवरचे केंद्र खणखणीत ऐकू येते ते कसे?

हवेतील नळी

उत्तर हवेतच आहे. पाण्यात तिरपी धरलेली काठी वाकलेली दिसते, कारण हवा आणि पाणी यांचे अपवर्तनांक वेगळे असतात. हवेचा अपवर्तनांक सुमारे 1.0003 एवढाच, म्हणजे निर्वातापेक्षा किंचितच अधिक. पण हा 'किंचित' भागही उंचीनुसार बदलतो. सोयीसाठी शास्त्रज्ञ दशांशचिन्हानंतरचा हा भाग दहा लाखांनी गुणतात, म्हणजे 1.0003 चे 300 एकक होतात. नेहमीच्या हवेत दर किलोमीटर उंचीला हे एकक सुमारे 40 ने कमी होतात. त्यामुळे लहर थोडी जमिनीकडे झुकते. वरच्या सूत्रातील 4.12 या आकड्यात हा झुकाव धरलेलाच आहे.

आता ही घट वाढत वाढत दर किलोमीटरला 157 एककांवर गेली, तर लहरीचा बाक पृथ्वीच्या बाकाइतकाच होतो. लहर जमिनीला समांतर धावू लागते. घट याहूनही तीव्र झाली तर लहर खाली वळते, समुद्राच्या पृष्ठावर आपटून वर जाते, वरच्या थरात पुन्हा खाली वळते; म्हणजे जणू एका नळीत सापडते. नळीतील पाणी चहूकडे पांगत नाही, तशी तिची शक्तीही फारशी पांगत नाही, आणि ती क्षितिज ओलांडून शेकडो किलोमीटर जाते.

अशी नळी तयार केव्हा होते? वर गेल्यावर हवा थंड होत जावी हा नियम. तो उलटून खाली थंड व वर उष्ण हवा आली, म्हणजे त्याला भूगोलात तापमानाची विपरीतता म्हणतात. त्यातच खालची हवा दमट आणि वरची कोरडी असेल, तर परिणाम अधिकच मोठा होतो, कारण बाष्पाने रेडिओ-लहरींपुरता अपवर्तनांक बराच वाढतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात हे दोन्ही योग जुळतात: समुद्रालगत दमट हवेचा थर आणि त्यावर जमिनीवरून आलेल्या तापल्या, कोरड्या हवेचे पांघरूण. एफ.एम.ची लहर सामावण्यास मात्र ही नळी बरीच जाड, साधारण दोनशे मीटर किंवा अधिक, असावी लागते. पाण्याच्या अगदी लगतचा दहा-वीस मीटरांचा थर तिला पुरत नाही. आणि मोसमी वारे सुरू झाले की हे थर ढवळून निघतात व नळी मोडते.

याचे आपल्या किनाऱ्यावरील प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. मुंबईस 200 मेगाहर्ट्झवर चालणारे एक रडार होते. त्याला अरबस्तानच्या किनाऱ्यावरून परतलेले प्रतिध्वनी मिळाले. हे अंतर एक हजार मैलांहून अधिक! रडारची लहर जाऊन परत यावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे नळीचे सामर्थ्य कळते.

दूरचे एफ.एम. ऐकू येण्याचे आणखी एक कारण आहे. जमिनीपासून सुमारे 100 किलोमीटर उंचीवर कधीकधी दाट आयनांचे पातळ ढग जमतात. उल्का जळून मागे राहिलेल्या लोह, मॅग्नेशियम यांसारख्या धातूंचे आयन तेथील वाऱ्यांमुळे एका पातळीत दाटतात, आणि ते एफ.एम.च्या लहरीही परतवू शकतात. पण परतावा इतक्या उंचीवरून होत असल्यामुळे एफ.एम.चे केंद्र बहुधा 800 ते 2,200 किलोमीटर अंतरावरचे निघते, त्याहून जवळचे सहसा नाही. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

माझी नोंद

मे 2024 मध्ये मी गोव्यात, पेडणे तालुक्यात समुद्राकाठी राहणाऱ्या आत्याकडे गेलो होतो. एके रात्री वारा अगदी पडला होता. आत्याचा ट्रान्झिस्टर घेऊन मी पडवीत बसलो आणि काटा फिरवू लागलो. 102 च्या किंचित पुढे, जेथे रोज नुसती खरखर असे, तेथे बोलणे ऐकू आले. आवाज मधूनच बुडे, पुन्हा वर येई. भाषा दाक्षिणात्य होती, पण कन्नड नव्हती. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले असले तरी कन्नड मला चांगले समजते. शेजारी, बाजारात, वर्गात आम्ही ते रोज बोलतो. तेव्हा मी ठरवून टाकले की कन्नड नाही, त्या अर्थी मल्याळम. कोचीचे केंद्र 102.3 वर आहे, हे मला माहीत होते. काटाही तेथेच होता. वहीत लिहिले : 'कोची, 690 कि.मी.' मोबाईलवर चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण केले. तासाभराने वारा सुटला आणि पुन्हा खरखर सुरू झाली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कारवारचे केंद्रही 102.3 वरच आहे, आणि ते पेडण्याहून कितीतरी जवळ. हा विचार त्या रात्री माझ्या मनात आला होता. पण 690 हा आकडा मोठा होता आणि मला तो आवडला होता.

पावती कुठे आहे?

भित्तिपत्रक वाचून आमच्या हिशेबशास्त्राच्या सरांनी मला जिन्यात थांबवले.

"अरे, रक्कम जमा केलीस ती दिसली. पावती कुठे आहे?"

मी म्हणालो, "सर, मी स्वतः ऐकलं आहे."

"प्रत्येक कारकून हेच म्हणतो. पावती मिळेपर्यंत ती नोंद उचंत खात्यात ठेव."

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याहून स्पष्ट कोण सांगणार? ज्या रकमेचे खाते निश्चित नाही ती उचंत खात्यात जाते. तिला मनाजोगत्या खात्यात ढकलायचे नसते.

पहिली पावती वसतिगृहात मिळाली. या अंकाच्या कन्नड विभागात काम करणारा माझा एक मित्र उडुपीकडचा आहे. त्याला मी ते ध्वनिमुद्रण ऐकवले. अर्धे मिनिट ऐकून तो हसू लागला. ही मल्याळम नव्हेच, ही तर आमची तुळू, असे तो म्हणाला. बोलण्यात तीन वेळा 'कुड्ल' असा शब्द आला होता. मला तो निरर्थक वाटला होता. कुड्ल म्हणजे मंगळूरचे तुळू नाव! दोन भाषा येतात म्हणून तिसरी ओळखण्याचा अधिकार मिळत नाही, हे मला त्या दिवशी समजले. आपल्याच राज्यातली भाषा मी परक्या राज्यात नेऊन ठेवली होती.

पण मंगळूरचे केंद्र 100.3 वर, आणि काटा तर 102.3 जवळ होता. हा दोन मेगाहर्ट्झचा फरक कसा जुळवावा? दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा पेडण्यास गेलो आणि तोच ट्रान्झिस्टर घेऊन ज्याची वारंवारता पक्की ठाऊक आहे असे केंद्र लावले. पणजीचे एफ.एम. रेनबो 105.4 वर आहे. काटा 107 च्याही बराच पुढे गेला, तेव्हा ते लागले! म्हणजे हा सेट सुमारे 2 मेगाहर्ट्झ अधिक दाखवतो. 102.3 मधून 2 वजा केले की 100.3. हिशेब जुळला.

आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो काटा पहिल्यापासून असाच आहे. विचारलं असतंस तर मे महिन्यातच सांगितलं असतं."

दुरुस्त नोंद आणि काही सूचना

तेव्हा दुरुस्त नोंद अशी : मंगळूर, 100.3 मेगाहर्ट्झ, अंतर सुमारे 335 किलोमीटर. आकडा निम्म्याहून कमी झाला. पण त्याला दोन पावत्या आहेत आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. शिवाय कारणाचाही उलगडा होतो. 335 किलोमीटर हे अंतर उंचावरील आयनांच्या ढगांसाठी फार थोडे आणि साध्या क्षितिजासाठी फार जास्त. मार्ग किनाऱ्याला धरून समुद्रावरून जाणारा, ऋतू मोसमी पावसाआधीचा, रात्र निवांत, आणि वारा सुटताच केंद्र नाहीसे. ही सगळी लक्षणे नळीचीच आहेत.

कोणास हा नाद करून पाहावयाचा असेल, तर फारसा खर्च नाही. एफ.एम.चा कोणताही सेट चालतो. मोबाईलवर ऐकताना इअरफोनची वायरच एरियलचे काम करते. पुढील गोष्टी मात्र पाळाव्यात.

पहिली : ओळखीच्या केंद्रावर सेटचा काटा आधी तपासावा.

दुसरी : तारीख, वेळ व हवेची स्थिती त्याच क्षणी लिहावी, दुसऱ्या दिवशी आठवून नव्हे.

तिसरी : हिंदी बातम्या किंवा विविध भारतीची गाणी हा पुरावा धरू नये, कारण तोच कार्यक्रम अनेक केंद्रांवरून एकाच वेळी जातो. केंद्राचे नाव, गावाचे नाव किंवा स्थानिक जाहिरात ऐकू येईपर्यंत थांबावे.

चौथी : एकाच वारंवारतेवर दोन केंद्रे असतील तर एफ.एम.मध्ये 'बळी तो कान पिळी' हा न्याय चालतो. दोन्ही आवाज मिसळत नाहीत. सबळ केंद्र दुर्बळाला पुरते दाबून टाकते आणि क्षणात बाजू पालटू शकते. म्हणून आधीचे वाक्य एका केंद्राचे आणि नंतरचे दुसऱ्याचे, असेही घडते.

पाचवी : भाषा समजली नाही तर अंदाज न करता ती जाणणाऱ्याला ऐकवावी.

आणि शेवटची, जी मला सर्वांत महाग पडली : दोन शक्यतांपैकी जी आपल्याला अधिक आवडते, तिच्याकडे अधिक संशयाने पाहावे.

माझ्या वहीत 'कोची' हा शब्द अजून आहे. हिशेबात खाडाखोड करीत नाहीत, म्हणून तो खोडलेला नाही. खाली तारीख घालून दुरुस्तीची नोंद केली आहे. कोचीचे पान कोरे ठेवले असून पुढच्या मे महिन्यात पुन्हा पडवीत बसणार आहे. त्या वेळी मात्र काटा कोठे लावायचा, ते आधी आत्याला विचारीन.