यंत्राने फळतोडणी : परवडते केव्हा?

ब्ल्यूबेरी हे अमेरिकेतील निळसर, बोरापेक्षा लहान फळ. लागवड केलेल्या ब्ल्यूबेरीचे पहिले पीक १९१६ साली न्यू जर्सी राज्यातून बाजारात गेले. झुडपावरची सर्व फळे एकदम पिकत नाहीत. म्हणून मजुरांना त्याच ओळीतून पुन्हापुन्हा फिरावे लागते आणि मजुरीचा खर्च वाढतो.

मिशिगन राज्यात या कामासाठी यंत्रे वापरतात. यंत्र कमानीसारखे असते. झुडपांची ओळ त्याच्या पोटाखालून जाते. आतल्या लवचिक दांड्या झुडूप हलवतात. पिकलेल्या फळाचा देठ सैल झालेला असतो, म्हणून ते आधी गळते. खाली माशाच्या खवल्यांसारख्या पट्ट्या बुंध्याभोवती मिटून फळे झेलतात. तरी फट राहतेच! काही फळे मातीत जातात, काहींना मार लागतो. मार लागलेले फळ गोठवण्यासाठी किंवा मुरंब्यासाठी जाते; त्याला भाव कमी मिळतो.

मग फायदा कशात? सोयीसाठी काही आकडे मानू या. हेक्टरी पीक १०,००० किलो. हाताने तोडल्यास भाव किलोला ३ डॉलर, मजुरी दीड डॉलर. म्हणजे शिल्लक १५,००० डॉलर. यंत्राने तोडताना २० टक्के फळ वाया गेले, तर उरले ८,००० किलो. भाव २.४० डॉलर, इंधन व चालकाचा खर्च ०.१५ डॉलर, शिल्लक १८,००० डॉलर. हेक्टरी ३,००० डॉलर जास्त!

पण घसारा, व्याज व दुरुस्ती मिळून यंत्राचा वार्षिक खर्च ६०,००० डॉलर धरू. मळा लहान असो वा मोठा, हा खर्च चुकत नाही. ६०,००० ला ३,००० ने भागा. उत्तर २०. म्हणजे २० हेक्टरांहून लहान मळ्याला यंत्र विकत घेणे परवडणार नाही.

आता नुकसान ३० टक्के धरा. हेक्टरी फायदा फक्त ७५० डॉलर उरतो आणि मळा हवा ८० हेक्टरांचा! नुकसान दीडपट, तर क्षेत्र चौपट. म्हणूनच बुंधा अरुंद राहील अशी छाटणी करणे फार मोलाचे ठरते. लहान मळेवाल्यांना यंत्र भाड्याने आणणे किंवा सामाईक घेणे सोयीचे.

एक गणित तुम्ही करा. नुकसान २० टक्केच आहे, पण मजुरी किलोला २ डॉलर झाली. आता किती हेक्टरांवर यंत्र परवडेल? (उत्तर : साडेसात.) मजुरी वाढली की लहान मळ्यातही यंत्र येते आणि वेचणाऱ्यांचे काम जाते, हेही या उत्तरातून दिसते.