आयटी सेवा : सगळं एकाकडून घ्यायचं की वेगवेगळ्या कंपन्यांकडून?



व्हिडिओ बघितला असेल तर उत्तम. नसेल, तरी हा लेख शांतपणे वाचा, काम भागेल.

समजा, नाशिकमध्ये तुमचा मसाल्यांचा छोटा व्यवसाय आहे. तुम्हाला काय काय लागतं? डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, ती ठेवायला होस्टिंग, व्यवसायाच्या नावाचा ईमेल, बिलिंग सॉफ्टवेअर, ऑनलाइन पेमेंट, व्हॉट्सॲप बिझनेस आणि बॅकअप. झाल्या सात गोष्टी.

मग ओळखीतला कोणीतरी म्हणतो, "दादा, टेन्शन घेऊ नका, सगळं मी बघतो. वर्षाला एकच बिल." ऐकायला गोड वाटतं. पण त्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं तर? दोन वर्षांनी त्याला नोकरी लागली, फोन उचलणं बंद झालं, आणि डोमेनची मुदत संपत आली. तुमच्या पाकिटावर, बोर्डावर, व्हिजिटिंग कार्डावर जो पत्ता छापलाय, त्याचा ताबाच तुमच्याकडे नाही!

आता दुसरं टोक बघा. सात कंपन्या, सात पासवर्ड, नूतनीकरणाच्या सात तारखा. ईमेल बंद पडला की होस्टिंगवाला म्हणतो ईमेल कंपनीला विचारा, ती म्हणते डोमेनवाल्याला विचारा. तुम्ही मध्ये चेंडूसारखे इकडून तिकडे.

मग करायचं काय? सेवांचे तीन गट पाडा.

गट १ : मालकीच्या गोष्टी

डोमेन, व्हॉट्सॲपचा नंबर आणि पैसे जमा होणारं बँक खातं. या तीन गोष्टी फक्त तुमच्या किंवा तुमच्या फर्मच्या नावावर. डोमेनचं लॉगिन तुमच्या ईमेलवर, ओटीपी तुमच्या मोबाइलवर, सिम तुमच्या नावावर. गाळ्याला रंग देणारा बदलतो, पण गाळ्याचे कागद आपल्याच कपाटात असतात ना? तसंच हे.

गट २ : रोजच्या कामाच्या गोष्टी

ईमेल आणि बिलिंग. इथे त्या कामात मुरलेली कंपनी निवडा.

ईमेल शक्यतो होस्टिंगपासून वेगळा ठेवा. गूगल वर्कस्पेस, झोहो मेल असे पर्याय आहेत. मग ते एकत्र कसे चालतात? डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये वेगवेगळ्या नोंदी असतात. ए रेकॉर्ड सांगतो वेबसाइट कुठे आहे, एमएक्स रेकॉर्ड सांगतो ईमेल कुठे पोहोचवायचा. नाव एकच, पण पत्ते दोन.

इथेच बऱ्याचदा घोळ होतो. होस्टिंग बदलताना नवीन कंपनी सांगते, "आमचे नेमसर्व्हर टाका." ते टाकले की सगळ्या नोंदी नव्या जागेवरून वाचल्या जातात. तिथे जुना एमएक्स रेकॉर्ड भरलेला नसेल, तर वेबसाइट दिसते छान, पण ईमेल येणं बंद! ऑर्डर गेल्याचं कळतही नाही. म्हणून बदलाआधी डीएनएसच्या सगळ्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

बिलिंगचं वेगळं आहे. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक रिटर्न भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं, हिशेब जपून ठेवावे लागतात. सॉफ्टवेअर तुम्ही मध्येच बदलाल, पण जुनी बिलं उघडता आलीच पाहिजेत. म्हणून घेण्याआधी ट्रायलमध्ये दहा खोटी बिलं बनवा, एक्सेलमध्ये बाहेर काढा आणि तुमच्या सीएंना पाठवा. त्यांना चाललं तरच पैसे भरा.

गट ३ : बदलता येणाऱ्या गोष्टी

होस्टिंग आणि वेबसाइटचं डिझाइन. इथे भाव करा, आवडलं नाही तर बदला. फक्त जाहिरातीतल्या आकड्यांना भुलू नका. ९९.९ टक्के सुरू राहण्याची हमी म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात साधारण ४३ मिनिटं बंद. ९९ टक्के म्हणजे सात तासांहून जास्त बंद! दिसायला फरक एका टक्क्याहून कमी, पण दिवाळीच्या आठवड्यात ते सात तास महागात पडतात.

बॅकअप मात्र होस्टिंगवाल्यावरच सोडू नका. डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुकानाबाहेर, हा साधा नियम पाळा.

पैसे देण्याआधी चार प्रश्न

१. खातं कोणाच्या नावावर असेल?
२. उद्या सोडायचं ठरवलं तर माझा डेटा कसा आणि कोणत्या स्वरूपात मिळेल?
३. दुसऱ्या वर्षीचा दर काय, जीएसटी धरून? पहिल्या वर्षीची सवलत पाहून निर्णय नको.
४. बंद पडलं तर फोन कोण उचलणार, किती वाजेपर्यंत? जीएसटीआर-१ ची ११ तारीख तुमच्यासाठी थांबत नाही.

आणि एक पाचवी गोष्ट, जोडणी. यूपीआयचं उदाहरण घ्या. क्यूआर कोड एका कंपनीचा, ग्राहकाचं ॲप दुसऱ्याचं, बँक तिसरी. तरी पैसे येतात, कारण सगळे एनपीसीआयच्या एकाच व्यवस्थेत चालतात. सेवा निवडताना हेच बघा : ही सेवा दुसऱ्यांशी जुळते, की मला कोंडून ठेवते?

सगळं स्वतः करा असं मी म्हणत नाही. जोडणीसाठी एक जाणकार माणूस जरूर ठेवा, त्याच्या कामाचे पैसे द्या. पण त्याला वेगळं लॉगिन द्या, तुमचा मुख्य पासवर्ड नाही. तो गेला की त्याचं लॉगिन बंद करायचं, धंदा सुरूच.

आजचा गृहपाठ : एक वही घ्या. पाच रकाने आखा : सेवा, कंपनी, कोणाच्या नावावर, नूतनीकरणाची तारीख, वर्षाचा खर्च. सातही ओळी भरा. तिसऱ्या रकान्यात जिथे दुसऱ्याचं नाव येईल, तिथे लाल पेनाने गोल करा आणि या आठवड्यात पहिला फोन त्यालाच लावा. संबंध चांगले आहेत तोवरच ही कामं गोडीत होतात.

भेटूया पुढच्या भागात. तोवर वही भरलेली पाहिजे!