कल्हईची भांडी : परिसर अभ्यासातील एक पाठ

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक रात्रभर राहिले, तर ते ‘कळकले’ असे म्हणून घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ओतून देतात. इयत्ता पाचवीस धातूंची ओळख करून देताना शिक्षकाने या शब्दापासूनच आरंभ करावा. त्याचा अर्थ मुलांनी आदल्या दिवशी आजीस विचारून यावे. स्टीलच्या भांड्यांमुळे अनेक घरांतून हा शब्द मागे पडला आहे. परंतु जुनी पितळी पातेली माळ्यावरून सणावारी, लग्नकार्यात अजून खाली येतात, आणि धोका नेमका तेथेच असतो.

पाठासाठी काळवंडलेला एक पितळी तांब्या व चिंचेचा कोळ पुरेसा आहे. तांब्याच्या अर्ध्या भागास कोळ चोळावा. तो भाग लखलखीत होताच ‘काळेपणा गेला कोठे?’ असा प्रश्न टाकून शिक्षकाने थोडे थांबावे. ‘निघून गेला’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. तो कोळात उतरला, हे मुलांच्याच तोंडून येईपर्यंत घाई करू नये. कोळ कोणासही चाखू देऊ नये. तो टाकून हात धुवावेत. जी चिंच तांब्या उजळते, तीच आमटीतही असते. पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू असल्याने ताक, चिंच, आमसूल यांतील आम्लांमुळे त्यातील तांबे अन्नात उतरते. असे अन्न पोटात गेल्यास मळमळ, वांत्या व पोटात कळा येतात.

यावर पूर्वजांनी योजलेला उपाय म्हणजे कल्हई. कल्हईवाला भाता चालवून भांडे तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील क्षणार्धात सर्वत्र पसरवतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांब्यास १,०८५ अंश लागतात. म्हणूनच भांडे न वितळता त्यावर कथलाचा लेप बसतो. नवसागर तापून निघणारी वाफ धातूवरील गंज काढून टाकते, त्यामुळे कथील धातूस धरते. हा धूर झोंबणारा असल्याने मुलांना वाऱ्याच्या बाजूस, दूर उभे करावे. वर्गात हे करून दाखवू नये. कल्हईसाठी शुद्ध कथीलच हवे. डाख देण्याच्या कथलात शिसे असू शकते, आणि शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. कल्हईवाल्याचे मूल वर्गात असल्यास पाठाचा हा भाग त्यासच सांगू द्यावा. शिक्षकाहून ते अधिक नेमके सांगेल.

कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये व वाळूने घासू नये. लेप पातळच असतो. लोखंडी तव्याची रीत निराळी. तो धुऊन लगेच कोरडा करावा व तेलाचा हात फिरवून ठेवावा, म्हणजे गंजत नाही. लोखंडी कढईत आंबट भाजी काळसर होते, कारण थोडे लोह तीत उतरते. हे लोह पितळेतील तांब्याप्रमाणे बाधत नाही. रक्त कमी असणाऱ्यास ते उपयोगीच पडते. मात्र भाजी शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावी.

एक गोष्ट विशेष जपावी. कल्हईस पैसे पडतात आणि कल्हईवाला आता गावोगाव फिरत नाही. ‘तुमच्या घरची भांडी वाईट’ असा सूर निघाला, तर मूल घरी जाऊन आईस दुखवील किंवा काहीच बोलणार नाही. यास्तव कोणाच्या घरी काय आढळले, हे वर्गात विचारू नये. मुलांनी घरी आईबरोबर भांड्यांचे तळ पाहावेत. पांढरा लेप जाऊन पिवळा किंवा तांबडा धातू दिसत असेल, ते भांडे कल्हई होईपर्यंत अंघोळीचे पाणी तापवण्यास ठेवावे.